रिअ‍ॅलिटी म्हणजे वास्तव, सत्य नव्हे

एका वाचकाने विचारलं आहे की इंग्रजीतल्या 'रिअ‍ॅलिटी' या शब्दाचा नेमका अर्थ काय, तो आला कुठून, आणि मराठीत त्याच्यासाठी सत्य, वास्तव, यथार्थ, तथ्य यांतला कुठला शब्द घ्यावा. अनुवाद करताना अडलेली तीन वाक्यंही त्यांनी दिली आहेत. 'हर ड्रीम बिकेम अ रिअ‍ॅलिटी' हे एक. 'इन रिअ‍ॅलिटी, द रूल इज रेअरली फॉलोड' हे दुसरं. आणि 'द अल्टिमेट रिअ‍ॅलिटी इज बियाँड वर्ड्स' हे तिसरं. तिन्ही ठिकाणी त्यांनी 'सत्य' लिहिलं आणि तिन्ही वाक्यं कानाला खटकली.

मी अठ्ठावीस वर्षं इंग्रजीतून मराठीत अनुवाद करते आहे. त्यातला मोठा काळ कायद्याच्या कागदपत्रांत गेला, उरलेला तत्त्वज्ञान आणि विज्ञानाच्या पुस्तकांत. या तिन्ही क्षेत्रांत हा शब्द सारखा भेटतो आणि प्रत्येक ठिकाणी थोडा वेगळा वागतो, म्हणून उत्तर जरा लांबणार आहे.

आधी थोडक्यात सांगते. रिअ‍ॅलिटी हा असलेल्या गोष्टीचा धर्म आहे. ट्रुथ हा केलेल्या विधानाचा. टेबल वास्तव असतं, टेबल सत्य नसतं. 'खोलीत टेबल आहे' हे वाक्य मात्र सत्य किंवा असत्य असतं. अनुवादाला बसलात की मूळ वाक्य कशाबद्दल बोलतं आहे ते पाहा: काहीतरी आहे की नाही, याबद्दल, की कुणी बोललेलं खरं की खोटं, याबद्दल? पहिलं असेल तर 'सत्य' बाजूला ठेवा.

हे मला कुणी पुस्तकातून शिकवलं नाही. सुरुवातीच्या दिवसांत एका करारविषयक पाठ्यपुस्तकाचं काम माझ्याकडे होतं. त्यात 'रिअ‍ॅलिटी ऑफ कन्सेंट' नावाचं प्रकरण होतं आणि मी मथळा लिहिला 'संमतीचे सत्य'. मजकूर तपासणाऱ्या वकीलबाईंनी तो दोनदा वाचला आणि म्हणाल्या, "अगं, संमती खरी होती का, की धाकाने किंवा फसवून काढून घेतलेली होती, एवढंच विचारलंय त्यात. संमती नावाची चीज तिथे होती का?" मथळा 'संमती खरी असणे' असा झाला. 'चीज होती का' हा त्यांचा प्रश्न मी आजही हा शब्द दिसला की स्वतःला विचारते, कारण या शब्दाचा उगमच 'चीज' या अर्थात आहे.

लॅटिनमध्ये 'रेस' म्हणजे वस्तू, बाब, मामला, मालमत्ता. या छोट्या शब्दाच्या पोटी केवढा परिवार आहे! 'रेस पुब्लिका' म्हणजे सर्वांची बाब, त्यातून रिपब्लिक. 'रेस ज्युडिकाटा' म्हणजे निकाल लागून गेलेली बाब. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या, म्हणजे १९०८ च्या कायद्याच्या, कलम ११ मुळे आपल्याकडचा प्रत्येक वकील हा शब्द रोज उच्चारतो. मराठी कायदेपरिभाषेत त्याला 'प्राङ्न्याय' म्हणतात, आणि तो शब्द धर्मशास्त्रातल्या व्यवहारप्रकरणांतून, म्हणजे दाव्या-खटल्यांविषयीच्या भागांतून, जसाच्या तसा उचललेला आहे.

या 'रेस'चं आपल्याशीही नातं आहे. भाषाशास्त्रज्ञ त्याला संस्कृत 'रै'चा भाऊबंद मानतात. 'रै' म्हणजे धन, आणि वेदातला 'रयि'ही त्याच घरातला. ऋग्वेदाच्या पहिल्याच सूक्तात 'अग्निना रयिमश्नवत्' येतं. ईशोपनिषदाच्या शेवटच्या मंत्रात 'अग्ने नय सुपथा राये अस्मान्' येतं. त्यातलं 'राये' आणि लॅटिनमधलं 'रेई' ही त्या त्या शब्दाची चतुर्थीची रूपं शेजारी ठेवली तर एका घरातली वाटतात. म्हणजे रिअ‍ॅलिटीच्या बुडाशी तत्त्वचिंतन नाही. तिथे गुरंढोरं, धान्य, मत्ता आहे. माणसाच्या हाती असलेलं, मोजता येणारं, ज्यावरून भांडण होऊ शकतं असं काहीतरी.

भांडणाचा मुद्दा महत्त्वाचा आहे. 'रेस'पासून उत्तरकालीन लॅटिनमध्ये 'रेआलिस' हे विशेषण झालं, म्हणजे 'वस्तूविषयीचं'. कायद्याच्या फ्रेंचमधून ते चौदाव्या शतकाच्या आसपास इंग्रजीत 'रिअल' म्हणून आलं. तेव्हाच्या इंग्लंडच्या न्यायालयांत दाव्यांचे प्रकार पडत. काही दाव्यांत हिरावून घेतलेली चीजच परत मिळे, आणि ती चीज म्हणजे बहुतेक वेळा जमीन. हे 'रिअल' दावे. काही दाव्यांत माणसाकडून भरपाई मिळे, ते 'पर्सनल'. जमीन ही अशी रिअल दाव्याने परत मिळवता येणारी मालमत्ता, म्हणून ती 'रिअल प्रॉपर्टी' आणि 'रिअल इस्टेट'. या शब्दांत 'खरी मालमत्ता विरुद्ध खोटी मालमत्ता' असा भेद कधीच नव्हता. आपल्या कायद्याने ही विभागणी घेतली नाही. १८८२ चा मालमत्ता हस्तांतरण अधिनियम स्थावर आणि जंगम असा भेद करतो, आणि म्हणूनच २०१६ च्या रिअल इस्टेट कायद्याचं मराठी नाव 'स्थावर संपदा' असं आहे. ज्याने कुणी 'स्थावर संपदा' ठरवलं, त्याला रिअलचा इतिहास ठाऊक होता किंवा त्याचा कान चांगला होता.

इथे एक दुसरा 'रिअल' वाटेत येतो, त्याच्याशी गल्लत करू नका. 'रेआल माद्रिद'मधला 'रेआल' म्हणजे राजेशाही. स्पेनच्या राजाने १९२० साली त्या क्लबला ही पदवी दिली. पोर्तुगीज अमलात गोव्यात चालणारे 'रेइस' हे नाणंही त्याच कुळातलं. हा शब्द 'रेगालिस'वरून आला, म्हणजे राजाचा, आणि त्याचा भाऊबंद आपला 'राजन्'. एका रिअलच्या घरी रै, दुसऱ्याच्या घरी राजा. उच्चार आणि लेखन जुळलं एवढंच. रक्ताचं नातं नाही.

वस्तूविषयीचं ते 'रिअल', हा अर्थ 'खरोखर असलेलं'कडे कसा वळला? त्यात ख्रिस्ती धर्मशास्त्राचा मोठा हात आहे. पवित्र भाकरीत आणि द्राक्षरसात ख्रिस्त प्रतीक म्हणून असतो की प्रत्यक्ष असतो, या वादात 'रिअल प्रेझेन्स' हा शब्दप्रयोग आला, आणि 'रिअली' हे क्रियाविशेषण इंग्रजीत पंधराव्या शतकाच्या आरंभी याच संदर्भात भेटतं. आज कुणी काही सांगितलं की आपण सहज 'रिअली?' म्हणतो. त्या शब्दावर एके काळी माणसं जिवावर उदार होऊन वाद घालत होती.

'रिअ‍ॅलिटी' हे भाववाचक नाम मात्र पंडितांच्या टेबलावर घडलं. मध्ययुगीन लॅटिनमधला 'रेआलितास' रुळवण्याचं श्रेय १३०८ मध्ये वारलेल्या डन्स स्कॉटस या तत्त्वज्ञाला देतात. इंग्रजीत 'रिअ‍ॅलिटी' सोळाव्या शतकाच्या मध्याला येतो, आणि आधी त्याचा अर्थ 'रिअल असण्याचा गुण' एवढाच असतो. 'जे जे आहे ते सगळं मिळून रिअ‍ॅलिटी' हा आजचा व्यापक अर्थ नंतरचा.

जुने ग्रंथ अनुवादित करणाऱ्यांनी इथे थांबायला हवं, कारण आजचा अर्थ मागे नेला की घोटाळा होतो. फ्रेंच तत्त्वज्ञ देकार्तने १६४१ च्या 'मेडिटेशन्स'मध्ये कल्पनेची 'ऑब्जेक्टिव्ह रिअ‍ॅलिटी' असा शब्द वापरला आहे. आज हे दोन शब्द ऐकले की आपण 'वस्तुनिष्ठ वास्तव' म्हणतो, म्हणजे माणसाच्या मनाबाहेरचं. देकार्तला नेमकं उलट म्हणायचं होतं: कल्पनेच्या आत, तिचा विषय म्हणून जे आहे ते. मनाबाहेरच्या अस्तित्वासाठी त्याचा शब्द 'फॉर्मल रिअ‍ॅलिटी'. शब्द तेच, अर्थाने कूस बदललेली.

जर्मन तत्त्वज्ञ कांटचं उदाहरण तर मला फार प्रिय आहे. १७८१ च्या 'क्रिटिक ऑफ प्युअर रीझन' या ग्रंथात त्याने 'रिआलिटेट' या लॅटिन वळणाच्या शब्दाला कंसात जर्मन अर्थ दिला आहे, 'झाखहाइट'. 'झाखे' म्हणजे चीज, बाब. म्हणजे 'वस्तुपणा'. त्याच्या लेखी एखादी वस्तू काय आहे तो तिचा आशय, ती रिअ‍ॅलिटी. ती प्रत्यक्ष आहे का, हा निराळा प्रश्न. म्हणून तो म्हणतो की शंभर खऱ्या थालर नाण्यांत शंभर कल्पित थालरांहून एकही नाणं जास्त नसतं. आशय तोच, शंभर. फरक पडतो तो खिशात. कांटचा अनुवाद करताना 'रिआलिटेट' आणि 'व्हिर्कलिखकाइट' या दोन्हींना 'वास्तव' लिहिलंत तर हा सगळा युक्तिवाद वाचकाच्या हातून निसटतो. पहिल्याला मी 'वस्तुता' लिहिते आणि दुसऱ्याला 'प्रत्यक्ष अस्तित्व'.

आता मराठीकडे या. 'वास्तव' हा शब्द कसा झाला आहे पाहा. रघूपासून राघव, मनूपासून मानव, पांडूपासून पांडव, तसा वस्तूपासून वास्तव. वस्तूचं ते वास्तव. 'रेस'पासून 'रेआलिस' जसा झाला, अगदी तसाच. दोन भाषांनी एकमेकींना न विचारता एकाच जागी पाय ठेवला. भागवताच्या आरंभी दुसऱ्याच श्लोकात 'वेद्यं वास्तवमत्र वस्तु' असे हे मायलेक शेजारी उभे आहेत. आणि जमीन-घराचा धागाही आपल्याकडे आहे. 'वस्तु' आणि 'वास्तु' दोन्ही शब्द 'वस्' म्हणजे राहणे या धातूपासून साधतात. जे टिकून राहतं ती वस्तू, जिथे आपण राहतो ती वास्तू. इंग्रजीतल्या 'वॉज' या क्रियापदाचं मूळही याच 'वस्'च्या जुन्या पूर्वजात आहे, राहणे, मुक्काम करणे या अर्थाच्या. त्यामुळे 'रिअ‍ॅलिटी'साठी 'वास्तव' हा नुसता जवळचा पर्याय आहे असं मी म्हणत नाही. रचनेने आणि विचाराने तो त्याचा जोड आहे.

मग 'सत्य' कुठे जातं? ते 'सत्'पासून, म्हणजे 'अस्' धातूपासून, असणाऱ्यापासून आलं आहे. गंमत म्हणजे या शब्दाचा सख्खा चुलतभाऊ इंग्रजीकडे होता, 'सूथ'. जुन्या इंग्रजीत खरं म्हणजे 'सूथ'. शेक्सपिअरच्या 'मर्चंट ऑफ व्हेनिस'चं पहिलं वाक्यच 'इन सूथ' असं सुरू होतं. पुढे तो शब्द मावळला. भविष्यवेत्त्यासाठीच्या 'सूथसेयर'मध्ये तेवढा उरला. त्याची जागा 'ट्रुथ'ने घेतली, आणि ट्रुथचा मूळ अर्थ निष्ठा, इमान. लग्न ठरण्याला 'बिट्रोथ' म्हणतात ते त्यामुळेच. आपण 'शब्दाला खरा माणूस' म्हणतो, तिथे हा अर्थ अजून जिवंत आहे. म्हणजे इंग्रजीत ट्रुथ माणसाच्या वचनाशी बांधलेली, रिअ‍ॅलिटी वस्तूशी. संस्कृतात 'सत्य' असण्याशी आणि बोलण्याशी, दोन्हींशी बांधलेलं. 'सत्यं वद' हे बोलण्याचं सत्य, 'सत्यं ज्ञानमनन्तं ब्रह्म' हे असण्याचं. वेदान्ताच्या ग्रंथांत सत्य आणि वास्तव यांची सीमा पुसट होते ती यामुळे. त्या संदर्भात 'रिअ‍ॅलिटी'ला 'सत्य' लिहिलं तर मी हरकत घेत नाही. बाकी सगळीकडे घेते.

हा फरक किती खोल आहे ते एका प्रसिद्ध संभाषणात दिसतं. १४ जुलै १९३० रोजी बर्लिनजवळ कापुट इथल्या आइन्स्टाइनच्या घरी रवींद्रनाथ टागोर गेले होते. त्यांची बातचीत १९३१ मध्ये कलकत्त्याच्या 'मॉडर्न रिव्ह्यू'त 'द नेचर ऑफ रिअ‍ॅलिटी' या मथळ्याखाली छापून आली. बोलण्यात आइन्स्टाइनने दोन उदाहरणं दिली. एक पायथागोरसच्या प्रमेयाचं: माणूस असो वा नसो, ते खरंच राहील. दुसरं घरातल्या टेबलाचं: घरात कुणी नसलं तरी टेबल आपल्या जागी आहे. टागोरांना दोन्ही मान्य नव्हतं. मानवी मनापासून तोडलेलं सत्य त्यांना अर्थहीन वाटत होतं. पण मराठीत आणताना प्रमेयाच्या ठिकाणी 'सत्य' आणि टेबलाच्या ठिकाणी 'वास्तव' लिहावं लागतं. दोन्हीकडे एकच शब्द टाकला तर दोघं नेमकं कुठे वेगळे होतात ते वाचकाला कळतच नाही.

'रिअ‍ॅलिटी'च्या शेजारी नेहमी दोन शब्द येतात, 'अ‍ॅक्चुअ‍ॅलिटी' आणि 'फॅक्ट'. अ‍ॅक्चुअल आला 'आगेरे'पासून, म्हणजे करणे, हाकणे. संस्कृतातला 'अजति' त्याचा नातलग. अ‍ॅरिस्टॉटलने शक्यता आणि तिची पूर्ती असा भेद केला, त्या पूर्तीसाठी लॅटिन पंडितांनी 'आक्तुस' वापरला. बीज हे शक्यतेने झाड, आणि उभं झाड हे अ‍ॅक्चुअल झाड. म्हणून अ‍ॅक्चुअलच्या विरोधात 'पॉसिबल' उभं राहतं आणि रिअलच्या विरोधात 'इमॅजिनरी' किंवा 'फेक'. हा भेद लक्षात असला की वाक्यं आपोआप सुटतात. अ‍ॅक्चुअल कॉस्ट म्हणजे 'प्रत्यक्ष खर्च', अंदाजपत्रकातल्या खर्चाच्या विरोधात. तो 'वास्तव खर्च' नव्हे. फ्रेंच आणि जर्मन येणाऱ्यांनी आणखी सांभाळायला हवं. तिथे 'आक्त्युएल' आणि 'आक्टुएल' म्हणजे सध्याचं, चालू घडीचं. त्या अर्थामुळेच ल्युमिएर बंधूंच्या काळातल्या छोट्या चित्रफितींना 'अ‍ॅक्चुअ‍ॅलिटी' म्हणत: गाडी स्टेशनात येते, कामगार कारखान्यातून बाहेर पडतात. त्यांच्या चित्रफिती ७ जुलै १८९६ ला मुंबईच्या वॉटसन हॉटेलात दाखवल्या गेल्या, आणि सखाराम भाटवडेकर उर्फ सावेदादांनी १८९९ मध्ये मुंबईच्या हँगिंग गार्डनमधली कुस्ती चित्रित केली तीही अशीच एक अ‍ॅक्चुअ‍ॅलिटी. गोष्ट नाही, नट नाहीत, समोर जे चाललं आहे ते.

फॅक्टचा जन्म 'फाक्तुम'मधून, म्हणजे केलेली गोष्ट, कृत्य. इंग्रजीत तो आला तेव्हा बरेचदा दुष्कृत्य या अर्थाने यायचा. गुन्ह्यानंतर गुन्हेगाराला मदत करणाऱ्याला आजही 'अ‍ॅक्सेसरी आफ्टर द फॅक्ट' म्हणतात, त्यात फॅक्ट म्हणजे गुन्हाच. कायद्यात फॅक्टची व्याप्ती तर विलक्षण आहे. १८७२ च्या भारतीय पुरावा अधिनियमाने, जो जुलै २०२४ पर्यंत लागू होता, फॅक्टच्या व्याख्येत इंद्रियांना कळणाऱ्या वस्तूंबरोबर मनाची अवस्थाही घातली. एखाद्या माणसाचं अमुक मत आहे, हेही फॅक्ट. मत चुकीचं असेल, पण ते त्याचं मत आहे ही गोष्ट फॅक्टच राहते. इथे 'सत्य' लिहून पाहा, वाक्य कोसळतं. कायद्याच्या मराठीत 'तथ्य' लिहितात आणि तो शब्द सुरेख आहे. 'तथा'पासून 'तथ्य', तसं असणं. काय, किती, कसं याचा निवाडा न करता 'ते तसं आहे' एवढंच तो सांगतो.

'यथार्थ'चं काम वेगळं. जसा अर्थ, म्हणजे जशी वस्तू, तसं ज्ञान. अन्नंभट्टाच्या 'तर्कसंग्रहा'त, म्हणजे न्यायदर्शनाच्या प्राथमिक ग्रंथात, 'यथार्थ' हे अनुभवाचं विशेषण आहे: चांदीच्या ठिकाणी चांदी दिसली तर अनुभव यथार्थ, शिंपल्याच्या जागी चांदी दिसली तर अयथार्थ. म्हणून वर्णन यथार्थ असतं, चित्रण यथार्थ असतं, दुष्काळ यथार्थ नसतो. हिंदीत रिअ‍ॅलिझमला 'यथार्थवाद' म्हणतात, मराठीत 'वास्तववाद'. हिंदीवरून मराठीत येणाऱ्या मजकुरात हल्ली 'जीवनाचे यथार्थ' असं दिसतं, ते मराठी नव्हे.

आणि 'हकीकत'. अरबी 'हक'पासून आलेला हा शब्द उर्दूत थेट रिअ‍ॅलिटीच्या जागी बसतो. मराठीने मात्र तो घेतला आणि त्याचं काम बदललं. आपल्याकडे हकीकत सांगायची असते, ऐकायची असते, लिहून कळवायची असते. घडलेल्या गोष्टीचा वृत्तांत म्हणजे हकीकत. त्यामुळे हिंदी वाहिन्यांवरून 'जमीनी हकीकत' ऐकून मराठीत कुणी 'जमिनीवरील हकीकत' लिहिलं तर वाचकाला वाटतं, सातबाऱ्याची काही भानगड आहे. 'ग्राउंड रिअ‍ॅलिटी' हा भारतातल्या इंग्रजी वर्तमानपत्रांचा लाडका प्रयोग. मी त्याला 'प्रत्यक्ष परिस्थिती' लिहिते.

'प्रत्यक्ष' हा शब्द मी इतका वापरते त्याला कारण आहे. इंग्रजी माणूस वस्तूपाशी गेला, आपली बोलती मराठी डोळ्यांपाशी गेली. प्रति आणि अक्ष, डोळ्यांसमोर. शास्त्रात हे ज्ञानाचं साधन, पण बोलण्यात 'प्रत्यक्षात' म्हणजे सरळ 'इन रिअ‍ॅलिटी'. 'कागदावर दहा शिक्षक, प्रत्यक्षात चार.' असं वाक्य शेतातला माणूसही बोलतो आणि लेखापालही. 'वास्तवात' म्हटलं की ते लिहिलेलं वाटतं. 'खरं म्हणजे', 'खरं पाहता', 'वस्तुतः' यांच्यात बोलण्याच्या पायऱ्या आहेत. 'वस्तुतः' निबंधात शोभतं, 'खरं म्हणजे' ओट्यावर. 'अ‍ॅक्चुअली'ने सुरू होणारी मराठी वाक्यं सगळीकडे ऐकू येतात. तिथे बहुतेक वेळा बोलणाऱ्याला 'खरं म्हणजे' किंवा नुसतं 'म्हणजे' हवं असतं. 'खरा' या शब्दाच्या मुळाशी कठीण, कडक असा अर्थ आहे. पिटून, वाजवून टिकलेलं नाणं ते खरं नाणं. इंग्रजी 'हार्ड फॅक्ट्स' म्हणतं, आपण नुसतं 'खरं' म्हटलं तरी तो कडकपणा त्यात येतो.

इंग्रजीतल्या वापराबद्दल एक बारकावा. 'रिअ‍ॅलिटी' एकवचनी, उपपदाशिवाय, म्हणजे 'अ' किंवा 'द' न लागता, आला की सबंध असलेलं जग: 'लूज टच विथ रिअ‍ॅलिटी'. उपपद किंवा अनेकवचन लागलं की एखादी न टाळता येणारी परिस्थिती: 'अ हार्श रिअ‍ॅलिटी', 'इकॉनॉमिक रिअ‍ॅलिटीज'. मराठीत पहिल्याला 'वास्तव' चालतं, 'वास्तवाचं भान सुटणं'. दुसऱ्याला 'वास्तवे' असं अनेकवचन करू नये. 'आर्थिक परिस्थिती' किंवा 'पैशाची बाजू' म्हणावं.

विज्ञानाच्या मराठीने इथे फार चांगलं काम केलं आहे. शाळेच्या पुस्तकांत 'वास्तव संख्या' आहे, आरशाच्या धड्यात 'वास्तव प्रतिमा' आणि 'आभासी प्रतिमा' आहे. वास्तव संख्येतलं 'वास्तव' देकार्तकडून आलं. १६३७ च्या भूमितीच्या ग्रंथात त्याने समीकरणाच्या मुळांना 'रिअल' आणि 'इमॅजिनरी' म्हटलं. एकाला काल्पनिक म्हटलं म्हणून दुसऱ्याला वास्तव म्हणावं लागलं. दोन्ही संख्या सारख्याच अमूर्त आहेत, त्यामुळे या नावावरून कुणी तत्त्वज्ञान काढू नये. 'व्हर्च्युअल रिअ‍ॅलिटी'ला 'आभासी वास्तव' म्हणतो तो शब्द मात्र मला पुरता पटत नाही. 'व्हर्च्युअल'चं मूळ 'व्हिर्तुस', सामर्थ्य. नावाने नसलं तरी परिणामाने असलेलं, ते व्हर्च्युअल. आभासात फसगत आहे, व्हर्च्युअलमध्ये ती असेलच असं नाही. व्हर्च्युअल वर्गात मूल खरोखर शिकतं. पण शब्द रुळला आहे, लोकांना कळतो, आणि रुळलेल्या शब्दाशी भांडण्यापेक्षा मी तो वापरते.

आता त्या तीन वाक्यांकडे.

पहिल्यात 'स्वप्न' आहे. मराठीत स्वप्न सत्य होत नाही आणि वास्तवही बनत नाही. ते खरं होतं, साकार होतं, प्रत्यक्षात उतरतं. 'तिचं स्वप्न प्रत्यक्षात उतरलं.' नाम गाळलं, क्रियापदाने काम केलं. इंग्रजी भाववाचक नामांसमोर मराठीचा हा सगळ्यात भरवशाचा उपाय आहे. दुसऱ्यात नियम आणि आचरण यांतली तफावत आहे: 'प्रत्यक्षात हा नियम क्वचितच पाळला जातो.' इथे 'सत्यात' लिहिणं चूकच.

तिसरं वाक्य अवघड आहे, आणि इथे 'अंतिम सत्य' लिहिलं तर ते चूक नाही, पण मूळ पुस्तक वेदान्तावरचं आहे असं वाचकाने कळवलं आहे, म्हणून थोडं अधिक सांगते. इंग्रजी लेखक जिथे 'लेव्हल्स ऑफ रिअ‍ॅलिटी' लिहितात तिथे मूळ संस्कृत शब्द 'सत्ता' असतो: पारमार्थिक (ब्रह्माची), व्यावहारिक (रोजच्या जगाची), प्रातिभासिक (स्वप्नासारख्या भासाची) अशी तीन प्रकारची सत्ता. आज मराठीत 'सत्ता' म्हटलं की मंत्रालय आठवतं, म्हणून तो शब्द वापरायचा तर पहिल्या वेळी 'सत्ता, म्हणजे असणे' असं उलगडून द्यावं. 'अल्टिमेट रिअ‍ॅलिटी'साठी मात्र आपल्या घरातच एक शब्द पडून आहे. सदानंदाच्या 'वेदान्तसारा'त ब्रह्माला 'वस्तु' म्हटलं आहे आणि बाकी सगळ्याला 'अवस्तु'. ज्ञानेश्वरीत, दासबोधात 'वस्तु' म्हणजे परब्रह्म, हे जुनी मराठी वाचणाऱ्याला सांगावं लागत नाही. बाजारातल्या वस्तूचा आणि परब्रह्माचा शब्द एकच ठेवण्याचं धाडस आपल्या संतांनी केलं, आणि 'रेस'पासून 'रिअ‍ॅलिटी'पर्यंतचा जो प्रवास युरोपात शतकानुशतकं चालला तो इथे एका शब्दात उरकला. वाचक जुन्या मराठीत मुरलेले असतील तर मी लिहीन, 'ती परम वस्तू शब्दांपलीकडची आहे.' तरुण वाचकांसाठी असेल तर 'परमतत्त्व' लिहा, आणि तळटीपेत 'वस्तु' शब्दाची ही एवढी ओळख करून द्या.